घरबसल्या उत्पन्न

निवृत्ती पाच-सहा वर्षांवर आली की मध्यमवर्गीय पुणेकरांत तीन पंथ पडतात. पहिला एफडीवाल्यांचा. व्याजदर पाव टक्क्याने वाढला की हे लोक बँक बदलतात आणि पाव टक्क्याने उतरला की सरकार बदलायच्या गोष्टी करतात. दुसरा म्युच्युअल फंडवाल्यांचा. यांच्याशी सकाळी नऊनंतर बोलता येत नाही आणि दुपारी साडेतीननंतर बोलवत नाही. तिसरा पंथ दुसऱ्या फ्लॅटवाल्यांचा. या पंथाचं ब्रीद एकच : घरबसल्या उत्पन्न. मी या तिसऱ्या पंथातला. राहतो कोथरूडला, दोन बेडरूमचा एक फ्लॅट बाणेरला आहे, तो भाड्याने देतो, आणि घरी क्वचितच बसतो.

या पंथाची दीक्षा लोक का घेतात, याचं कारण अगदी साधं आहे. एफडीची पावती पाहुण्यांना काढून दाखवता येत नाही. म्युच्युअल फंड तर मोबाइलच्या आतच राहतो. फ्लॅट मात्र हायवेवरून जाताना गाडीतून बोट करून दाखवता येतो. ‘ती पिवळी बिल्डिंग दिसते ना, सातवा मजला, उजवीकडून दुसरी गॅलरी.’ गाडीतले सगळे माना वळवून बघतात, ‘वा, छान आहे हो लोकेशन’ म्हणतात. त्या गॅलरीत दुसऱ्याच कोणाचे तरी कपडे वाळत असतात, पण तेवढं कोणी बोलून दाखवत नाही.

हिशेब मांडायला मी भीत नाही; जन्म बँकेत गेला. फ्लॅटची आजची किंमत धरा ९० लाख. भाडं महिना ३० हजार, म्हणजे वर्षाचे तीन लाख साठ हजार. चार टक्के. इथवरचा हिशेब कोणीही सांगतं. आता पुढचा. सोसायटीचा मेंटेनन्स महिना चार हजार, म्हणजे ४८ हजार. महापालिकेचा मिळकत कर २४ हजार. एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत घर एखादा महिना रिकामं राहतं, ते ३० हजार. एजंटचं एक महिन्याचं भाडं, आणखी ३० हजार. रंग, नळ, गीझर आणि ‘काका, जरा एकदा बघून जाल का’ या सदराखाली सरासरी ३० हजार. वजाबाकी केलीत तर हातात एक लाख ९८ हजार उरतात. म्हणजे सव्वादोन टक्क्यांच्याही किंचित आत. साध्या बचत खात्यावर बँका अडीच टक्क्यांच्या आसपास व्याज देतात, आणि बचत खात्याचा नळ रविवारी सकाळी गळत नाही.

हा हिशेब मी आमच्या सकाळच्या फिरायच्या कट्ट्यावर मांडला, तेव्हा आमच्याच पंथातला एक जण खवळला. ‘अरे, पण किंमत वाढते ना!’ वाढते, नाही कशाला म्हणू? पण वाढलेली किंमत हातात यायची तर फ्लॅट विकावा लागतो. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं घर विकलं, तर महागाईचा विचार न करता नफ्यावर साडेबारा टक्के कर भरायचा किंवा महागाई वजा करून वीस टक्के भरायचा, यातलं जे सोयीचं ते निवडायची मुभा सरकारने दिली आहे. सोय छानच आहे. पण तिचा उपयोग करायला विकणारा माणूस लागतो, आणि आमच्या पंथात विकणं निषिद्ध. ‘मुलांसाठी ठेवलाय’ असं म्हणायची पद्धत आहे. मुलं बंगळुरात किंवा न्यू जर्सीत असतात आणि फोनवर म्हणतात, ‘बाबा, तो बाणेरचा एकदाचा विकून टाका ना.’

सरकारही आमच्याकडे निरनिराळ्या डोळ्यांनी बघतं. आयकर खात्याचा डोळा त्यातल्या त्यात मायेचा. भाड्यातून मिळकत कर वजा करून जे उरतं, त्याच्या ३० टक्के रक्कम दुरुस्तीबिरुस्तीपोटी सरसकट वजा मिळते. एक रुपया खर्च करा नाहीतर लाख, पावती मागत नाहीत. हा नियम करणाऱ्याचा कुठेतरी दुसरा फ्लॅट असला पाहिजे, असा मला दाट संशय आहे. महापालिकेचा डोळा मात्र मालकाचा मुक्काम बघतो. पुण्यात स्वतःच्या घरात राहणाऱ्याला मिळकत करात ४० टक्के सवलत आहे. १९७० पासूनची ही सवलत मधे बंद पडली होती, २०२३ मध्ये परत सुरू झाली. त्यासाठी ‘पीटी-३’ नावाचा अर्ज भरून ‘इथे मीच राहतो’ असं सांगावं लागतं. बाणेरच्या घराबद्दल मला तसं सांगता येत नाही. घर तेच, भिंती त्याच, कचरागाडी तीच; मी आत नाही एवढ्यावर कर वाढतो. सोसायटीचंही तसंच. मालक राहत नसेल तर ती जादा शुल्क लावते. पूर्वी काही सोसायट्या या निमित्ताने मनाला येईल तो आकडा लावत. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने त्याला लगाम घातला : सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांच्या वर जायचं नाही. हा आदेश दुसऱ्या फ्लॅटवाल्यांच्या घरात देवघराच्या खालच्या खणात ठेवलेला असतो.

पण पैशाचं सगळं नंतर. आधी भाडेकरू मिळावा लागतो, आणि त्याच्या आधी एजंट. आमचा एजंट गुणी माणूस आहे. माझ्याशी बोलताना तो म्हणतो, ‘काका, मार्केट एकदम डाऊन आहे, आलेलं गिऱ्हाईक सोडू नका.’ तेवढ्यात फोन वाजतो आणि तो पलीकडच्याला सांगतो, ‘सर, मार्केट एकदम टाइट आहे, आज टोकन द्या, संध्याकाळपर्यंत फ्लॅट राहणार नाही.’ दोन्ही बाजू अशा समजुतीला आणून तो दोघांकडून एकेक महिन्याचं भाडं घेतो. माझ्या फ्लॅटला तो ‘सेमी-फर्निश्ड’ म्हणतो. म्हणजे पंखे आहेत, ट्यूबा आहेत, गीझर आहे आणि एक लाकडी कपाट आहे, ज्याचं डावं दार उघडताना उजवं गुडघ्याने दाबून धरावं लागतं.

मग सोसायटीच्या अटी. बॅचलर नकोत, हे सेक्रेटरी साहेबांनी फोनवरच सांगितलं. ‘रात्री-बेरात्री येतात, पार्ट्या करतात, लिफ्टमध्ये पिझ्झाचे खोके ठेवतात.’ असा नियम सोसायटीला करता येतो का, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता, पण पुढे वर्षभर पार्किंगचा स्टिकर त्यांच्याच हातून घ्यायचा असतो. सेक्रेटरी साहेब स्वतः साताऱ्याहून शिकायला आले तेव्हा सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहत. एका खोलीत चार कॉट, आणि रात्री साडेनऊनंतर घरमालकीणबाई दाराला आतून कडी घालायच्या. मग हे मागच्या बोळातून भिंतीवर चढून आत यायचे. हे त्यांनीच मला गणपतीच्या महाप्रसादाच्या पंगतीत रंगवून सांगितलेलं आहे. आज मात्र त्या कडीची बाजू त्यांना पुरेपूर पटते.

शेवटी एक कुटुंब ठरलं. नवरा-बायको दोघं हिंजवडीला कामाला, एक लहान मुलगी. पहिल्या भेटीत दोन्ही बाजूंनी थोडं खोटं बोलायचं असतं, तसं आम्ही बोललो. ते म्हणाले, ‘हम बस तीन लोग हैं, अंकल.’ मी म्हणालो, ‘पानी चोबीस घंटे.’ पुढे त्यांच्याकडे दोघांच्याही आई-वडिलांचा आळीपाळीने मुक्काम पडू लागला आणि एप्रिलमध्ये सोसायटीच्या गेटवर टँकर उभे राहू लागले. कोणी कोणाला जाब विचारला नाही. घरमालक आणि भाडेकरू यांच्यातला विश्वास याच पायावर उभा असतो.

करारासाठी हल्ली निबंधकाच्या कचेरीत जावं लागत नाही. एजंटकडचा पोरगाच घरी येतो. पाठीला सॅक, सॅकमध्ये लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचा ठसा घ्यायचं तळहातात मावणारं यंत्र. भाडेकरूचा अंगठा पहिल्या झटक्यात लागला. त्याच्या रेषा अजून शाबूत आहेत. माझ्या, जन्मभर नोटा मोजून, झिजल्या आहेत. ‘काका, अंगठा जरा केसांवरून फिरवून ठेवा.’ मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने माझ्या डोक्याकडे पाहिलं. ‘बरं, कपाळावरून फिरवा.’ कपाळ मुबलक आहे. तरीही पडद्यावर लाल फुली. ओला रुमाल झाला, कोरडा रुमाल झाला, मग डावा अंगठा झाला, आणि अखेर पोराने माझं बोट आपल्या हातात धरून काचेवर दाबलं तेव्हा कुठे हिरवी खूण उमटली. मी म्हणजे मीच, याची यंत्राला खात्री पटेपर्यंत भाडेकरू माझ्या सोफ्यावर बसून माझ्या बायकोच्या हातचा चहा पीत होता आणि मला धीर देत होता. ‘होता है, अंकल.’

करार अकरा महिन्यांचा. का? कोणालाच धड सांगता येत नाही. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, असं १९०८ चा नोंदणी कायदा सांगतो; तो खर्च टाळायला देशभर अकरा महिन्यांची पळवाट निघाली. महाराष्ट्रात ती पळवाट कधीच बुजली आहे. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, आणि त्याच्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा करार अकरा महिन्यांचा असो वा तेहतीस महिन्यांचा, लेखी हवा आणि नोंदलेला हवा. नोंदवायची जबाबदारी मालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वर आणखी एक गंमत : नोंदलेला करार नसेल, तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, खोटं असेल तर ते मालकाने सिद्ध करायचं. स्टॅम्प ड्युटी मात्र एकूण भाड्याच्या जेमतेम पाव टक्का. आमची अनामतीवरचं व्याज धरूनही साडेआठशेच्या आत बसली. शिवाय शहरात नोंदणीचे हजार. एवढ्या पैशांत तुरुंग टळत असेल तर सौदा वाईट नाही. तरीही अकरा महिने सुटत नाहीत. अकरा म्हटलं की मालकाला आपण सावध आहोत असं वाटतं.

ही सावधगिरी आमच्या हाडांत मुरलेली आहे, आणि तिचा उगम मुंबईत आहे. पहिल्या महायुद्धात जागांची टंचाई झाली म्हणून १९१८ मध्ये मुंबईत भाडी गोठवणारा कायदा आला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ चा बॉम्बे रेंट ॲक्ट आला आणि त्याने प्रमाण भाडं ठरवायला १ सप्टेंबर १९४० ही तारीख धरली. तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढ घेत घेत विसावं शतक संपेपर्यंत टिकला. आमची एक मावशी गिरगावातल्या चाळीत राहायची. तिचं भाडं इतकं होतं, की ते न्यायला येणारा माणूस ट्राममधून आला असता तर मालकाला तोटाच झाला असता. अर्थात इतक्या भाड्यात मालक जिन्याची फळी बदलणार नाही. तो बदलत नाही म्हणून मावशी भाडं वाढवून देणार नाही. आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर. मधे जिना मात्र एकेक पायरीने कमी होत गेला.

त्यात १९७३ साली कायद्यात दुरुस्ती झाली. १ फेब्रुवारी १९७३ या दिवशी जे जे लायसन्सवर राहत होते, त्यांना भाडेकरूचं संरक्षण मिळालं. आदल्या रात्री जो ‘काही महिन्यांसाठी’ राहायला आलेला पाहुणा होता, तो दुसऱ्या दिवशी कायद्याने पक्का झाला. त्याच्या डोक्यावरचं छप्पर वाचलं, यात शंका नाही. पण घरमालकांच्या एका अख्ख्या पिढीने त्यावरून एकच धडा घेतला, आणि आमच्या वडिलांनी तो मला मुंजीतल्या मंत्राप्रमाणे कानात सांगितला : ‘जागा कुलूप लावून ठेव, उंदरांना दे, पण भाड्याने देऊ नकोस.’ वडिलांसारखी पुष्कळ माणसं असावीत. २०११ च्या जनगणनेत एकट्या मुंबईत चार लाख ऐंशी हजार घरं रिकामी निघाली, देशातल्या कुठल्याही शहरापेक्षा जास्त. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत सरकारने त्याची जी संभाव्य कारणं दिली, त्यांत मालकी हक्कांतली संदिग्धता, करारांची दुबळी अंमलबजावणी आणि भाड्याचं तोकडं उत्पन्न ही तीन आहेत. वडिलांनी तेच उंदीर घालून सांगितलं होतं.

आता काळ बदलला आहे. मुदत संपूनही लायसन्सवाला हलला नाही, तर दिवाणी कोर्टात पिढ्या घालवाव्या लागत नाहीत. नव्या कायद्याच्या कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि जागा सोडेपर्यंत दुप्पट दराने भरपाई मागता येते. तरी व्हॉट्सॲपवर दर पावसाळ्यात एक संदेश फिरतोच : ‘सावधान! बारा वर्षं राहिलेल्या भाडेकरूचं घर होतं!’ मालकाच्या परवानगीने, भाडं देऊन राहणाऱ्याचा ताबा हा मालकाविरुद्धचा ताबा धरला जात नाही, त्यामुळे नुसती बारा वर्षं मोजून त्याला मालकी मिळत नाही. हे मी आमच्या ग्रुपवर दोनदा लिहिलं. दोन्ही वेळा त्याखाली हात जोडलेलं चित्र आलं आणि पाठोपाठ तोच संदेश पुन्हा.

कायद्याचा हा सगळा बंदोबस्त होऊन जातो आणि मग एखाद्या रविवारी सकाळी फोन येतो. ‘अंकल, गीझर चालू करते ही एमसीबी गिर जाता है.’ बाणेरला टँकरचं आणि बोअरचं पाणी. त्यातले क्षार गीझरच्या कॉइलवर बसत जातात, कॉइल चिरते आणि घराची वीज जाते. हे मला आता पाठ आहे. बँकेत व्याजाचे तक्ते पाठ होते, तसे नाही, त्याहून जास्त. कॉइल, थर्मोस्टॅट, अँगल कॉक, वायसर, नहाणी ट्रॅप. साठीनंतर माणसाची शब्दसंपदा वाढत नाही म्हणतात, त्यांनी दुसरा फ्लॅट घेऊन बघावा. प्लंबर येतो, खाली वाकतो, टॉर्च मारतो आणि जगातले सगळे प्लंबर जे म्हणतात तेच म्हणतो : ‘कुणी बसवलंय हो हे?’ त्याच्या आवाजात अशी काही तुच्छता असते, की बसवणाऱ्याबद्दल आपल्यालाही घृणा वाटू लागते. ‘मागच्या वर्षी तुम्हीच,’ मी म्हणालो. तो क्षणभरच थांबला. ‘तेव्हा मटेरियल तुम्ही आणलं होतं, साहेब.’

गीझर एका सकाळीत मिटतो. गळती मिटत नाही. बाथरूमच्या छतावर आधी एक पिवळा डाग दिसला. मग त्याला कडा आली. मग रंगाचा फुगा आला, तो फुटला आणि आतलं प्लास्टर दिसू लागलं. पाणी वरच्यांच्या बाथरूममधून येत होतं, यावर सगळ्यांचं एकमत होतं. अपवाद फक्त वरच्यांचा. वरचे मालक शारजाला. त्यांनी ईमेलवर कळवलं, ‘आमच्याकडे कुठेही गळत नाही.’ हे अक्षरशः खरं होतं. त्यांचं सगळं आमच्याकडेच गळत होतं. वर राहणारा भाडेकरू म्हणाला, मालकांना विचारा. माझा भाडेकरू म्हणाला, अंकलना सांगितलंय. आम्हा दोन मालकांची पत्रापत्री चालू असताना ते दोघे भाडेकरू लिफ्टमध्ये भेटू लागले, त्यांच्या बायका एका झुंबा क्लासला जाऊ लागल्या, मुली एकत्र सायकल चालवू लागल्या. वरच्या बाथरूमच्या फरशा उखडून वॉटरप्रूफिंग झालं तेवढे दिवस वरचं कुटुंब आंघोळीला खाली माझ्याच फ्लॅटमध्ये येत होतं, हे मला फार उशिरा कळलं. दोघा मालकांना मात्र अजून एकमेकांचा चेहरा माहीत नाही.

घर सोडायची वेळ आली की अनामत रकमेचा विषय निघतो, आणि या विषयात माझी दोन मतं आहेत. दोन्ही ठाम आहेत. बाणेरच्या घराचा मालक म्हणून माझं मत असं, की तीन महिन्यांची अनामत म्हणजे काहीच नाही. रिकाम्या घरात मी एकटाच फिरतो. हॉलच्या भिंतीत खिळ्यांची भोकं, बेडरूममध्ये दुहेरी टेप ओढून काढताना सोबत आलेली लांबी, ओट्याच्या मागच्या टाइल्सवर फोडणीचे तेलकट ओघळ, एक्झॉस्ट पंख्याच्या पात्यांवर काळा चिकटा. मी बोट लावून बघतो, वास घेतो, मोबाइलवर फोटो काढतो. मग रंगाऱ्याला विचारतो, तो ‘दोन हात मारावे लागतील’ म्हणतो, आणि अनामतीतून रंगाचे पैसे कापणं हा मला निसर्गनियम वाटू लागतो.

दुसरं मत मुलीचा बाप म्हणून. ती बंगळुरात भाड्याने राहते. तिथे दहा महिन्यांचं भाडं अनामत मागायची जुनी रीत, आणि जाताना रंगाचे म्हणून एक महिन्याचं भाडं कापून घ्यायचीही. हे ऐकल्यावर माझा संताप झाला. भिंतीला खिळा मारायचा नाही तर माणसाने कॅलेंडर कुठे लावायचं? स्वयंपाक केला तर तेल उडणारच! राहायला दिलंय की संग्रहालयात ठेवायला? केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा राज्यांकडे पाठवला, त्यात राहत्या घरासाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त असू नये असं म्हटलेलं आहे. राज्यांनी तो स्वीकारायचा की नाही हे राज्यांवर सोडलंय, पण तत्त्व म्हणून काही आहे की नाही? मी फोनवर मुलीला ती तरतूद वाचून दाखवली आणि म्हणालो, ‘त्या मालकाच्या तोंडावर फेक.’ ती म्हणाली, ‘बाबा, तुम्ही बाणेरला किती घेता?’ मी नेटवर्क खराब आहे म्हणालो.

त्या सोडून जाणाऱ्या कुटुंबाचे रंगाचे पैसे मी कापले नाहीत. मन मोठं झालं असं नाही. माझी दोन्ही मतं एकाच आठवड्यात समोरासमोर आली आणि त्यांना एकमेकांकडे बघवेना. पुढचा भाडेकरू मात्र लवकर ठरला नाही, आणि दोन पावसाळी महिने घर बंद राहिलं. तेव्हा मला वडिलांच्या मंत्रातली उणीव दिसली. बंद घर जागच्या जागी राहत नाही. नहाणी ट्रॅपमधलं पाणी आटतं, की ड्रेनेजचा वास आणि झुरळं घरात यायला मोकळी होतात. गॅलरीच्या जाळीला कबुतरं लागतात. न फिरवलेला नळ क्षारांनी आवळून बसतो आणि पहिल्यांदा फिरवला की हातात येतो. कपाटात बुरशी धरते. उजव्या गुडघ्याने दाबून धरायचं ते दार तर आता दोन्ही गुडघ्यांनी उघडेना. पोचारा मारायला, खिडक्या उघडायला, नळ सोडायला मी दर दोन-तीन दिवसांनी कोथरूडहून बाणेरला जाऊ लागलो. विद्यापीठ चौकातली गर्दी पार करत मला एवढंच कळत होतं, की हेच सगळं काम ते कुटुंब रोज करत होतं, त्याबद्दल माझ्याकडून एक पैसा घेत नव्हतं, आणि उलट मलाच महिन्याच्या महिन्याला तीस हजार देत होतं. सव्वादोन टक्क्यांच्या हिशेबात ही बाजू मी मांडलेलीच नव्हती. मांडली असती तर लक्षात आलं असतं, की त्या घराचा नोकर मी नव्हे, फार तर बदली कामगार.

आता नवीन मंडळी राहायला आली आहेत. तिघं बॅचलर. सेक्रेटरी साहेबांना मी महाप्रसादाच्या पंगतीतल्या भिंतीची आठवण करून दिली, त्यांनी स्टिकर दिला. अकरा महिने संपले की भाडं वाढवायचं का, असा प्रश्न एजंटने आत्ताच काढून ठेवला आहे. ‘काका, दीड हजार सहज वाढतील.’ मी कागदावर मांडलं. अकरा महिन्यांचे साडेसोळा हजार वाढतील. पण वाढीव भाड्यामुळे ही पोरं गेली आणि घर एक महिना रिकामं राहिलं, तर तीस जातील, एजंटचे तीस वेगळे, आणि पोचारा मला मारावा लागेल. एजंटला हा हिशेब पटला नाही. त्याचं उत्पन्न घर रिकामं होण्यावर आहे. मी पोरांना सांगून टाकलं, की भाडं आहे तेवढंच राहील, फक्त गीझर आठवड्यातून एकदा नीट बघत जा. त्यातला एक म्हणाला, ‘काका, टेन्शन घेऊ नका, मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे.’ त्या दिवसापासून मी प्लंबरचा नंबर फोनच्या पहिल्या पानावर आणून ठेवला आहे.